स्कॉटलंडच्या संसदेत सरकारला जाब कसा विचारतात? ऊर्जा, खर्च आणि सरकारी योजना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अ‍ॅबर्डीन, एडिनबरा, ग्लासगो इथे राहणारी मराठी मंडळी आणि भारतातले त्यांचे नातेवाईक यांच्याकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एकच प्रश्न चार तऱ्हांनी आला असेल तर एकदाच घेतला आहे आणि जिथे उत्तरं एकमेकांत अडकतात तिथे क्रमांक दिला आहे. या पानावर ‘आमदार’ म्हणजे एडिनबरामधल्या स्कॉटिश संसदेचे सदस्य आणि ‘खासदार’ म्हणजे लंडनच्या वेस्टमिन्स्टर संसदेचे सदस्य.

१. संसद तर लंडनला आहे. मग एडिनबरामध्ये कोण कोणाला प्रश्न विचारतं?

दोन्हीकडे संसद आहे. सप्टेंबर १९९७ मध्ये सार्वमत झालं, १९९८ मध्ये स्कॉटलंड कायदा आला आणि १९९९ पासून एडिनबरामध्ये स्वतंत्र संसद बसू लागली. तिच्यात १२९ आमदार असतात : ७३ मतदारसंघांतून आणि ५६ विभागांतून. विभाग आठ, प्रत्येक विभागाचे सात आमदार. या संसदेला उत्तरदायी असलेलं सरकार म्हणजे स्कॉटिश सरकार आणि त्याचे प्रमुख म्हणजे फर्स्ट मिनिस्टर.

अधिकारांची वाटणी आपल्यापेक्षा वेगळी आहे. भारतात केंद्रसूची, राज्यसूची, समवर्ती सूची अशा तीन याद्या असतात. इथे कायद्यात एकच यादी आहे, लंडनने स्वतःकडे राखून ठेवलेल्या विषयांची. त्या यादीत जे नाही ते आपोआप एडिनबराचं. आरोग्य, शिक्षण, पोलीस, घरबांधणी, बहुतेक रस्ते, शेती, जमीन नियोजन, काही सामाजिक भत्ते हे सगळं इथलं. ऊर्जेचं काय, ते प्रश्न ४ आणि ५ मध्ये.

२. गुरुवारी टीव्हीवर दिसणारी खडाजंगी सोडली तर प्रश्न विचारायला आणखी वेळ असतो का?

असतो, आणि खरं काम बऱ्याचदा तिथेच होतं. गुरुवारी दुपारी बारा वाजता फर्स्ट मिनिस्टरना प्रश्न विचारले जातात. पूर्वी अर्धा तास मिळायचा, २०१६ पासून साधारण पाऊण तास मिळतो. त्याआधी वीस मिनिटं सर्वसाधारण प्रश्न. मंगळवारी ताज्या घडामोडींवरचे प्रश्न. शिवाय एकेका खात्याची पाळी लागते आणि त्या दिवशी त्या खात्याच्या मंत्र्यांना उत्तरं द्यावी लागतात. अचानक काही घडलं तर अध्यक्षांच्या परवानगीने तातडीचा प्रश्न घेता येतो.

सर्वसाधारण आणि खातेनिहाय प्रश्नांसाठी आमदार नाव देतात आणि संगणक त्यातून नावं काढतो. फर्स्ट मिनिस्टरना विचारायचे प्रश्न अध्यक्ष निवडतात आणि सुरुवात विरोधी पक्षनेत्यांपासून होते.

मूळ प्रश्न आधीच छापून आलेला असतो, त्यामुळे मंत्री त्याचं उत्तर हातात घेऊनच उभे राहतात. कस लागतो तो पुरवणी प्रश्नाला. ‘सरकारचं धोरण काय आहे’ असा गुळमुळीत प्रश्न छापायचा आणि पुरवणीत मतदारसंघातल्या एका शाळेच्या बंद पडलेल्या बॉयलरवर बोट ठेवायचं, ही इथल्या मुरलेल्या आमदारांची पद्धत आहे. हे पाहायचं असेल तर गुरुवारपेक्षा खातेनिहाय प्रश्नांचा तास बघा. सभागृहात माणसं कमी असतात, पण उत्तरात आकडे जास्त मिळतात.

३. लेखी प्रश्नाचा उपयोग काय? तो तर कोणी ऐकतही नाही.

माझ्या मते ऊर्जा आणि खर्च या दोन विषयांत लेखी प्रश्नाइतकं धारदार हत्यार दुसरं नाही. तोंडी प्रश्नावर मंत्री वेळ मारून नेऊ शकतात. लेखी उत्तर मात्र कायमचं नोंदीवर राहतं, त्याला क्रमांक असतो आणि तीन वर्षांनीही ते शोधून काढता येतं. २०२१ ते २०२६ या सहाव्या सत्रातल्या लेखी प्रश्नांचे क्रमांक ‘एस६डब्ल्यू’ने सुरू होतात.

उत्तर साधारणपणे कामकाजाच्या दहा दिवसांत यावं असा नियम आहे आणि लांब सुट्टीच्या काळात वीस दिवसांची मुभा. वेळेत माहिती जमली नाही तर ‘माहिती गोळा करत आहोत’ अशा अर्थाचं तात्पुरतं उत्तर येतं. प्रश्नाची भाषा ठरलेली असते. प्रत्येक प्रश्न ‘स्कॉटिश सरकारला विचारावे की...’ असा सुरू होतो आणि विषय सरकारच्या जबाबदारीतला नसेल तर तो दाखलच करून घेत नाहीत. महाराष्ट्र विधानसभेतला अतारांकित प्रश्न ज्यांना माहीत आहे त्यांना हे लगेच लक्षात येईल.

४. माझं विजेचं बिल वाढलं आहे. स्कॉटिश मंत्र्यांना याबद्दल विचारलं तर ते लंडनकडे बोट का दाखवतात?

कारण कायद्याने ते बरोबर आहे. वीज, तेल, वायू, कोळसा, अणुऊर्जा हे विषय १९९८ च्या कायद्यात लंडनकडे राखीव आहेत. विजेच्या दरांची कमाल मर्यादा ऑफजेम ही ब्रिटिश नियामक संस्था ठरवते. उत्तर समुद्रातल्या तेलाचे परवानेही लंडनच्याच अखत्यारीतले. त्यामुळे बिलाचा प्रश्न खासदाराकडे न्यावा लागतो.

तरीही आमदार यावर प्रश्न विचारतातच, आणि त्यासाठी एक वाट ठरलेली आहे : ‘या विषयावर यूके सरकारशी स्कॉटिश सरकारची काय चर्चा झाली?’ चर्चा करणं ही स्कॉटिश सरकारची जबाबदारी असल्याने हा प्रश्न नियमात बसतो. उत्तर पुष्कळदा ‘आम्ही वारंवार मुद्दा मांडला आहे’ एवढंच येतं. चांगला आमदार त्यावर लगेच पुरवणी टाकतो : कोणत्या तारखेला, कोणत्या मंत्र्याशी, पत्र पाठवलं का?

घर उबदार ठेवण्यासाठी मिळणारी मदत, घरांचं इन्सुलेशन, उष्णतेच्या योजना यांवरचा खर्च मात्र इथला आहे. तिथे ‘लंडनला विचारा’ हे उत्तर चालत नाही. दोन्ही गोष्टी एकाच पत्रात मिसळून पाठवल्या की मंत्र्यांना सोप्या अर्ध्याचं उत्तर देऊन सुटता येतं. म्हणून दोन वेगळी पत्रं पाठवावीत.

५. वीज राखीव विषय आहे, तर स्कॉटलंड अणुप्रकल्पांना नकार आणि पवनचक्क्यांना परवानगी कशी देतं?

इथेच लोकांचा सर्वाधिक गोंधळ होतो. धोरण लंडनचं, पण जमीन नियोजन एडिनबराचं. त्यातच १९८९ च्या वीज कायद्यातल्या कलम ३६ नुसार जमिनीवरच्या ५० मेगावॉटपेक्षा मोठ्या वीजप्रकल्पांना मंजुरी देण्याचा अधिकार स्कॉटिश मंत्र्यांना मिळालेला आहे. कलम ३७ मुळे वीजवाहिन्यांच्या मनोऱ्यांचंही तसंच. त्यामुळे नव्या अणुप्रकल्पाला मंजुरी द्यायची नाही हे धोरण स्कॉटिश सरकार व्यवहारात राबवू शकतं. हंटर्स्टन बी हे केंद्र जानेवारी २०२२ मध्ये बंद झालं. शेवटचं कोळशाचं केंद्र, लाँगॅनेट, मार्च २०१६ मध्ये थंडावलं होतं.

एक अडचण लक्षात ठेवा. एखाद्या पवनऊर्जा प्रकल्पाचा किंवा मनोऱ्यांच्या रांगेचा अर्ज मंत्र्यांसमोर असेल तर त्याच्या गुणदोषांवर ते सभागृहात बोलत नाहीत. निर्णय आपल्याच हातात असताना मत दिलं तर पुढे न्यायालयात तो टिकणार नाही. डोंगराळ भागातल्या आमदारांना गावकऱ्यांच्या संतापाला तोंड द्यावं लागतं आणि मंत्री ‘प्रलंबित अर्जावर बोलू शकत नाही’ एवढंच म्हणतात. अशा वेळी प्रक्रियेवर प्रश्न विचारतात : किती अर्ज प्रलंबित आहेत, गावकऱ्यांच्या हरकती कोण वाचतं, निर्णयाला किती महिने लागतात.

६. स्कॉटिश सरकारकडे पैसा येतो कुठून? लंडनने खर्च कमी केला तर त्याचा जाब एडिनबराला का?

मोठा वाटा लंडनकडून येणाऱ्या ठोक अनुदानाचा. ते दरवर्षी कितीने बदलायचं हे १९७० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या बार्नेट सूत्रावर ठरतं : इंग्लंडमध्ये आरोग्य किंवा शिक्षण अशा विषयांवर खर्च वाढला की लोकसंख्येच्या प्रमाणात स्कॉटलंडचा वाटा वाढतो, कमी झाला की घटतो. त्याशिवाय एप्रिल २०१७ पासून पगारावरच्या आयकराचे दर आणि टप्पे एडिनबरा ठरवतं, म्हणून इथल्या पगारपत्रकावरचा करसंकेतांक ‘एस’ने सुरू होतो. एकूण अंदाजपत्रक ६ हजार कोटी पौंडांहून अधिक.

अनुदान मिळालं की ते कशावर खर्च करायचं हे मात्र एडिनबराच ठरवतं. इंग्लंडमध्ये रुग्णालयांसाठी वाढलेल्या रकमेचा वाटा इथे रुग्णालयांवरच खर्च व्हावा असं बंधन नाही. म्हणून ‘तो पैसा नेमका कुठे गेला?’ हा प्रश्न इथे रास्त ठरतो आणि दर अंदाजपत्रकाच्या वेळी विचारलाही जातो.

७. खर्च फुगला तर पकडतं कोण?

भारतात कॅग आणि लोकलेखा समिती जे काम करतात ते इथे ऑडिटर जनरल आणि सार्वजनिक लेखापरीक्षण समिती करतात. सहाव्या सत्रात या समितीचं अध्यक्षपद विरोधातल्या लेबर पक्षाचे रिचर्ड लिओनर्ड यांच्याकडे होतं.

उदाहरण घ्यायचं तर दोन बोटींचं घ्यावं. पश्चिमेकडच्या बेटांसाठी दोन फेरीबोटी बांधायचं ९ कोटी ७० लाख पौंडांचं कंत्राट २०१५ मध्ये फर्ग्युसन गोदीला मिळालं. नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘ग्लेन सॅनॉक्स’चं जलावतरण मोठ्या थाटात झालं, तेव्हा बोटीला खिडक्या बसलेल्याच नव्हत्या. काळ्या रंगाने त्या रंगवलेल्या होत्या. २०१९ मध्ये गोदी बुडाली आणि सरकारने ती ताब्यात घेतली. बोट प्रवाशांना घेऊन निघाली ती जानेवारी २०२५ मध्ये, आणि तोवर खर्च मूळ रकमेच्या कित्येक पट झाला होता.

मार्च २०२२ मध्ये ऑडिटर जनरलच्या अहवालाने एक साधी गोष्ट पुढे आणली : काम फसलं तर पूर्ण पैसे परत मिळतील अशी हमी नसतानाही कंत्राट पुढे नेण्याचा निर्णय मंत्र्यांनी का घेतला, याचा कागदच सापडत नाही. मग सभागृहात तोच प्रश्न आठवड्यामागून आठवडे येत राहिला : कागद कुठे आहे? मे २०२२ मध्ये या निर्णयाबद्दलचा ऑक्टोबर २०१५ चा एक ईमेल बाहेर आला. बेटांवरच्या माणसांना इतकी वर्षं रद्द होणाऱ्या फेऱ्यांमुळे रुग्णालयाच्या तारखा चुकवाव्या लागल्या, दुकानात माल वेळेवर आला नाही. त्या हालांपुढे एक ईमेल मिळणं फार थोडं आहे. पण प्रश्न थांबले असते तर तेवढंही मिळालं नसतं.

ज्या इमारतीत हे प्रश्न विचारले जातात तिचाही इतिहास असाच. सुरुवातीचा अंदाज १ ते ४ कोटी पौंडांचा होता, प्रत्यक्ष खर्च ४१.४ कोटींवर गेला.

८. समुद्रातल्या पवनऊर्जेचे पैसे सरकारने स्वस्तात घालवले, असं ऐकतो. खरं आहे का?

जानेवारी २०२२ मध्ये ‘स्कॉटविंड’ लिलावात १७ प्रकल्पांना समुद्रतळाचे पट्टे राखून दिले गेले, एकूण क्षमता सुमारे २५ गिगावॉट आणि मिळाले जवळपास ७० कोटी पौंड. बोलीला चौरस किलोमीटरमागे एक लाख पौंडांची कमाल मर्यादा होती. टीकाकारांचा रोख या मर्यादेवर आहे : बोली मोकळी ठेवली असती तर जास्त मिळाले असते. सरकारचं म्हणणं असं की अवाच्या सवा बोली लागली की कंपन्या प्रकल्प अर्धवट सोडतात किंवा तो पैसा ग्राहकाकडून वसूल करतात, आणि पट्ट्यांचं भाडं पुढे मिळणारच आहे. दोन्ही बाजूंत तथ्य आहे.

मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो नंतरचा प्रश्न, पैसा कशावर खर्च होणार हा. सप्टेंबर २०२४ मध्ये अर्थमंत्री शोना रॉबिसन यांनी चालू वर्षाची तूट भरण्यासाठी या रकमेतून ४६ कोटी पौंडांपर्यंत वापरायची तयारी सांगितली. एकदाच मिळणारा पैसा पगार आणि रोजच्या खर्चात जिरवायचा का, यावर विरोधकांनी धारेवर धरलं. डिसेंबरच्या अंदाजपत्रकात सरकारने तो विचार बराचसा मागे घेतला.

९. मंत्र्यांनी सभागृहात चुकीचा आकडा सांगितला तर?

चूक अनवधानाने झाली असेल तर शक्य तितक्या लवकर दुरुस्त करायची आणि जाणूनबुजून दिशाभूल केली असेल तर राजीनामा द्यायचा, असं मंत्र्यांच्या आचारसंहितेत आहे. दुरुस्ती अधिकृत इतिवृत्ताला जोडली जाते.

ऊर्जेतलं गाजलेलं उदाहरण म्हणजे ‘युरोपच्या सागरी पवनऊर्जेच्या क्षमतेपैकी २५ टक्के स्कॉटलंडकडे आहे’ हा दावा. कित्येक वर्षं तो भाषणांत आणि कागदपत्रांत फिरत होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये माहिती अधिकारातून अधिकाऱ्यांचे ईमेल बाहेर आले. आकड्याला धड आधार नाही हे त्यांना आधीच ठाऊक होतं. यात मला सर्वांत जास्त खटकतं ते हे की वाऱ्याच्या ऊर्जेची बाजू मुळात भक्कम असताना असा पोकळ आकडा वापरून तिचं नुकसान केलं गेलं. २०२२ मध्ये स्कॉटलंडमध्ये नूतनीकरणीय स्रोतांतून झालेली वीज देशाच्या एकूण वीजवापराच्या ११३ टक्के होती. हा खरा आकडा पुरेसा होता.

१०. सत्ताधारी आमदारच मंत्र्यांना गोड प्रश्न विचारतात. त्याला काही अर्थ आहे का?

थोडा आहे. कधी कधी सरकारला एखादी घोषणा नोंदीवर आणायची असते, म्हणून स्वपक्षाच्या आमदाराकडून लेखी प्रश्न टाकून घेतला जातो. अशा प्रश्नावर ‘सरकारच्या पुढाकाराने’ अशी खूण असते, त्यामुळे फसवणूक होत नाही. सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी अशा उत्तरांची रास पडते. नको असलेली बातमी बऱ्याचदा तिथेच सापडते.

११. ऊर्जेच्या योजनेवरून सरकार पडलं होतं म्हणतात. ते कुठे?

लोक दोन घटना एकत्र करतात.

पहिली स्कॉटलंडची. २०३० पर्यंत कार्बन उत्सर्जन ७५ टक्के कमी करायचं, हे उद्दिष्ट कायद्यात होतं. मार्च २०२४ मध्ये सरकारला सल्ला देणाऱ्या हवामान बदल समितीने ते गाठणं शक्य नाही असं सांगितलं. एप्रिलमध्ये सरकारने ते सोडलं, ग्रीन पक्षाशी असलेली भागीदारी तुटली आणि महिना संपायच्या आत फर्स्ट मिनिस्टर हमझा युसुफ यांनी राजीनामा जाहीर केला.

दुसरी उत्तर आयर्लंडची, आणि ती अधिक अभ्यासण्यासारखी आहे. लाकडाच्या गोळ्यांवर चालणारे बॉयलर लावणाऱ्या व्यवसायांना अनुदान देणारी योजना तिथे नोव्हेंबर २०१२ मध्ये सुरू झाली. लहान बॉयलरसाठी युनिटमागे ५.९ पेन्स मिळत होते आणि इंधनाला खर्च त्याहून कमी येत होता. म्हणजे जितकं जाळाल तितका नफा. ग्रेट ब्रिटनच्या मूळ योजनेत ठरावीक तासांनंतर दर खाली यायचा. उत्तर आयर्लंडच्या नियमांत ती पायरीच नव्हती. अनुदानाचा दर १०० किलोवॉटपासून पुढे घसरत असल्याने लोकांनी एक मोठा बॉयलर घेण्याऐवजी ९९ किलोवॉटचे अनेक बसवले.

नियम विधानसभेपुढे आले आणि मंजूर झाले. ती गाळलेली पायरी कोणाच्या ध्यानात आली नाही. २०१३ मध्ये एका उद्योजक महिलेने खात्याला सावध केलं होतं, तिचं कोणी ऐकलं नाही. २०१६ च्या फेब्रुवारीत योजना बंद झाली. जुलैत लेखापरीक्षकांचा अहवाल आला, शरद ऋतूत लोकलेखा समितीने अधिकाऱ्यांची झडती घेतली आणि वीस वर्षांत ४९ कोटी पौंडांचा जादा बोजा पडेल असा अंदाज तेव्हा पुढे आला. योजना सुरू करताना खात्याच्या मंत्री असलेल्या आर्लीन फॉस्टर आता फर्स्ट मिनिस्टर होत्या. ९ जानेवारी २०१७ ला उपप्रमुख मार्टिन मॅक्गिनेस यांनी राजीनामा दिला आणि सत्तावाटपाच्या रचनेमुळे (प्रमुख आणि उपप्रमुख यांपैकी एक गेला की दुसऱ्याचंही पद जातं) अख्खं सरकार कोसळलं. विधानसभा तीन वर्षं बंद होती. त्या काळात मंत्रीही नव्हते आणि त्यांना विचारणारेही. मार्च २०२० मध्ये सर पॅट्रिक कॉगलिन यांचा चौकशी अहवाल आला. ‘एवढा जास्त बॉयलर चालवला तर काय होईल?’ हा एक प्रश्न २०१२ मध्ये समितीत विचारला गेला असता तर पुढचं बरंच टळलं असतं.

१२. मी स्किल्ड वर्कर व्हिसावर आहे, भारतीय नागरिक आहे. आमदार माझं काम करतील का? मला मत आहे का?

दोन्हीचं उत्तर हो. भारत राष्ट्रकुलात असल्याने इथे कायदेशीर वास्तव्य असलेल्या भारतीय नागरिकांना स्कॉटिश आणि वेस्टमिन्स्टर, दोन्ही निवडणुकांत मत देता येतं. मतदारयादीत नाव मात्र नोंदवावं लागतं. स्कॉटिश संसदेसाठी मतदानाचं वय १६ आहे, हे मुलांना जरूर सांगा.

मतदारसंघाचे एक आणि विभागाचे सात, असे तुमचे आठ आमदार आहेत. सत्ताधारी पक्षाचे एखादे अडचणीचा प्रश्न टाकायला कां-कू करत असतील तर विरोधी पक्षाच्या विभागीय आमदारांना लिहा. हे सर्रास चालतं.

१३. योजनांवरच्या चर्चेत ‘चाइल्ड पेमेंट’चं नाव सारखं येतं. आम्हाला ते मिळेल का?

स्कॉटिश चाइल्ड पेमेंट १६ वर्षांखालच्या मुलांसाठी आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये आठवड्याला १० पौंडांनी सुरुवात झाली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ते २५ पौंड झालं. पण त्यासाठी युनिव्हर्सल क्रेडिटसारखा (कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना लंडनकडून मिळणारा) पात्र भत्ता चालू असावा लागतो. ज्यांच्या व्हिसावर ‘सार्वजनिक निधीचा आधार नाही’ अशी अट आहे त्यांना तो मागताच येत नाही. त्या अटीकडे दुर्लक्ष करून अर्ज केला तर पुढे व्हिसाच्या नूतनीकरणात अडचण येते, म्हणून आधी सल्ला घ्या.

बाळाच्या वस्तूंची पेटी, २२ वर्षांखालच्यांना मोफत बस, मोफत औषधं, प्राथमिक शाळेच्या पहिल्या पाच वर्गांतलं मोफत जेवण या गोष्टी मात्र व्हिसावरच्या कुटुंबांनाही मिळतात.

१४. वेल्समध्येही हीच पद्धत आहे का?

ढोबळमानाने हीच. कार्डिफमधल्या सेनेडमध्ये, म्हणजे वेल्सच्या संसदेत, फर्स्ट मिनिस्टरना मंगळवारी प्रश्न विचारतात. ऊर्जेतल्या अधिकारांची मर्यादा वेगळी आहे, त्यामुळे प्रश्न ५ मधलं उत्तर तिथे जसंच्या तसं लागू करू नका.

१५. भारतात राहून मला स्कॉटिश सरकारकडून माहिती मागता येईल का?

येईल. २००२ च्या स्कॉटिश माहिती स्वातंत्र्य कायद्याला नागरिकत्वाची किंवा वास्तव्याची अट नाही. पुण्यात बसून ईमेल केला तरी चालतो, नाव आणि उत्तराचा पत्ता द्यावा लागतो. कामकाजाचे २० दिवस ही मुदत. नकार मिळाला तर आधी त्याच कार्यालयाकडे फेरविचार मागायचा, मग माहिती आयुक्तांकडे जायचं. आपल्या माहिती अधिकारात अर्ज करून पाहिलेल्यांना हे जड जाणार नाही.

१६. आमदारांनी माझा प्रश्न विचारला आणि उत्तर आलं ‘यथावकाश कळवू’. आता?

हे उत्तर फार जणांना मिळालं आहे. ऊर्जा धोरणाचा मसुदा सरकारने जानेवारी २०२३ मध्ये काढला. अंतिम धोरण कधी, हे आमदार पुढची दोन वर्षं विचारत राहिले आणि तारीख मिळाली नाही.

आमदारांना तीन गोष्टी सुचवा. एक, ‘कधी’ऐवजी ‘आजवर काय झालं’ विचारायला सांगा : किती बैठका, किती खर्च, कोणत्या अधिकाऱ्याकडे काम. ईशान्य स्कॉटलंड आणि मोरे भागासाठी जाहीर झालेला दहा वर्षांचा ५० कोटी पौंडांचा न्याय्य स्थित्यंतर निधी (तेल-वायूवरून स्वच्छ ऊर्जेकडे वळण्यासाठीचा) उदाहरणादाखल घ्या. ‘पूर्ण कधी देणार’ याला यथावकाश म्हणता येतं. ‘३१ मार्चपर्यंत किती दिले, वर्षवार आकडे द्या’ याला म्हणता येत नाही. दोन, संबंधित समितीच्या लिपिकांना पत्र जाऊ द्या, म्हणजे मंत्री समितीपुढे येतील तेव्हा तो मुद्दा सदस्यांच्या हातात असेल. तीन, स्वतः संसदेकडे याचिका करा. त्यासाठी एक सही पुरते.

पत्रात योजनेचं नेमकं नाव, तारीख आणि आधीच्या उत्तराचा क्रमांक जरूर लिहा. त्या क्रमांकामुळे आमदारांच्या कार्यालयातल्या माणसाचं काम तासाऐवजी पाच मिनिटांत होतं आणि तुमचा प्रश्न त्याच आठवड्यात दाखल व्हायची शक्यता वाढते.